दप्तर सगळ्यांसमोर उघडलं होतं

फळ्यावर मी एकच शब्द लिहिला. पाप. वर इंग्रजीत, खाली कन्नड अक्षरांत. मग समोर बसलेल्या सतरा मुलामुलींकडे वळून विचारलं, “सांगा बघू, पाप म्हणजे काय?”

क्षणभर कुणी बोलेना. मग एकेक उत्तर यायला लागलं. खोटं बोलणं. चोरी करणं. परीक्षेत कॉपी करणं. आईला उलटून बोलणं. “उपासना चालू असताना मोबाइल बघणं,” एकजण म्हणाला आणि सगळा वर्ग खो खो हसला. कारण मोबाइल त्याच्याच मांडीवर होता!

तेवढ्यात खिडकीजवळची चष्मेवाली मुलगी म्हणाली, “आंटी, माझी अज्जी पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी ‘अय्यो पाप’ म्हणते. मग ते पाप कुठलं?”

बंगळुरूत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कन्नडमध्ये ‘पाप’ म्हणजे आपलं पाप तर आहेच, पण ‘बिचारा’, ‘अरेरे’ म्हणायचं असलं तरी तोच शब्द. तमिळमधल्या ‘पावम्’चंही तसंच. ज्यानं गुन्हा केला त्याचंही पाप आणि ज्याची कीव आली तोही पाप! मी हसले, “ते वेगळं गं,” म्हणाले आणि पुढे गेले. महिन्याभरात तोच शब्द माझ्या वाट्याला येणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक?

त्याचं असं झालं. आमच्या मंडळीतल्या शब्बाथ शाळेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि पाळकसाहेबांनी मला गाठलं. “तुम्ही पत्रकार. लोकांना समजेल असं सांगायची तुम्हाला सवय आहे. दृढीकरणाचा वर्ग तेवढा घ्या.” मी मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. लग्नानंतर बंगळुरूत आले. घरात तीन पिढ्यांचा ख्रिस्ती धर्म, त्यामुळे ‘येत नाही’ म्हणायची सोय नव्हती.

दृढीकरण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घरांत बाळाचा बाप्तिस्मा होतो तो आईवडिलांच्या विश्वासावर. पोर चौदा-पंधरा वर्षांचं झालं, की ते स्वतःच्या तोंडानं मंडळीपुढे विश्वासाची कबुली देतं. त्याआधी त्याला काही आठवडे शिकवायचं असतं. कॅथलिक घरांतली मुलं सात-आठ वर्षांची असतानाच पहिल्यांदा फादरपुढे गुडघे टेकून आपल्या चुका सांगतात. आमच्याकडे ती कबुली सगळी मंडळी मिळून, एका सुरात म्हणते. सोपं असतं ते. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज ऐकू येत नाही.

शिकवायचे विषय तीन होते. पाप, क्षमा आणि कृपा. भस्म बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंतचा काळ माझ्या हाती होता.

वहीतला देव

लहानपणी माझा देव वही घेऊन बसलेला असायचा. चिंच चोरली, एक रेघ. धाकट्या भावाला चिमटा काढला, दुसरी रेघ. रात्री झोपताना “प्रभू, क्षमा कर” म्हटलं, की सगळ्या रेघा पुसल्या जात. सकाळी पुन्हा कोरी वही! माझ्या वर्गातल्या मुलांचा देवही बराचसा तसाच निघाला. फक्त त्याच्याकडे वहीऐवजी सीसीटीव्ही कॅमेरा होता.

आणि वही पुसली जाणार हे माहीत असलं, की हिशेब सुरू होतोच. दुसऱ्या रविवारी एका चुणचुणीत मुलानं विचारलं, “आंटी, देव सगळं माफ करतो ना? मग आधी करून घ्यायचं आणि नंतर सॉरी म्हणायचं. काय बिघडलं?”

प्रश्न उद्धट वाटला तरी खोटा नव्हता. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतच संत पौलाला हाच प्रश्न पडला होता आणि रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्यानं तो स्वतःच मांडून खोडून काढला आहे. मी मुलांना तो अध्याय काढायला लावला. त्यांनी वाचला. चुणचुणीत मुलाच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही.

मग मी आमच्या मराठी मातीतल्या गोष्टी सांगितल्या. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी नव्या ख्रिस्ती लोकांना हेच सगळं समजावं म्हणून चक्क मराठीत पुराण रचलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. ‘क्रिस्तपुराण’. जवळपास अकरा हजार ओव्या! त्यातही पहिल्या माणसाच्या पतनाची कथा आधी आणि तारणाऱ्याची कथा मागाहून. माझ्यासारखीच अडचण त्या गोऱ्या फादरांपुढेही असणार, की परक्या भाषेत पाप सांगता येतं, कृपा कशी सांगायची?

मग पंडिता रमाबाईंची गोष्ट. रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये इथलाच, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला, हे ऐकून मुलांनी कान टवकारले. केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारलं. समाजानं ‘पतित’ म्हणून दार लावून घेतलेल्या बायकांसाठी तिथं वेगळं घर उघडलं. त्या घराला रमाबाई ‘सुधारगृह’ म्हणू शकल्या असत्या. पण त्यांनी नाव ठेवलं ‘कृपासदन’. त्या बायकांनी आधी काय केलं होतं, यापेक्षा आता त्यांना काय मिळणार आहे, ते पाटीवर लिहिलं.

“म्हणजे कृपा म्हणजे फुकट?” एकानं विचारलं.

“घेणाऱ्याला फुकट. देणाऱ्याला नाही,” मी म्हणाले. वाक्य मला आवडलं. वहीत टिपूनही ठेवलं. शिकवणाऱ्याला असा मोह होतोच.

तुरुंगातली राखी

क्षमेच्या रविवारी मी दोन अलीकडच्या हकिकती घेऊन गेले.

पहिली सिस्टर राणी मारियाची. केरळातली ही जोगीण मध्य प्रदेशातल्या गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या कर्जातून सोडवायला धडपडत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणानं तिला भोसकून मारलं. तिची धाकटी बहीण सेल्मी, तीही जोगीण. २००२ मध्ये राखी पौर्णिमेला ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि त्याच हाताला तिनं राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो तिच्या केरळातल्या घरी गेला, तेव्हा त्या म्हाताऱ्या आईनंही त्याला आपलं म्हटलं. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियाला ‘धन्य’ घोषित करण्यात आलं.

दुसरी हकिकत ग्लॅडिस स्टेन्स यांची. जानेवारी १९९९. ओरिसातलं मनोहरपूर. कुष्ठरोग्यांत काम करणारे त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारण्यात आली. माझ्या मनात द्वेष नाही, मी क्षमा केली आहे, असं त्या बाईंनी सांगितलं आणि त्या लगेच देश सोडूनही गेल्या नाहीत. कुष्ठरोग्यांचं काम चालूच ठेवलं.

वर्ग गप्प झाला. मग चष्मेवालीनं हात वर केला. “त्यांनी क्षमा केली, मग गुन्हेगाराला शिक्षा का झाली?”

फार चांगला प्रश्न. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम ठेवली. ग्लॅडिसबाईंचं म्हणणं असं होतं, की क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, त्यांची गल्लत करू नये. क्षमा करणं त्यांच्या हातात होतं. कायदा सगळ्यांचा होता.

मी हे सगळं छान समजावलं. घरी येताना मनाशी म्हटलंही, आज वर्ग जमला! आठवड्यानंतर काय झालं ते आता सांगते.

पाकीट

ईस्टरनंतर मुलांना नंदी हिल्सला न्यायचं ठरलं होतं. बसभाड्यासाठी प्रत्येकी दोनशे रुपये. त्या रविवारी तेरा मुलांनी पैसे आणले. दोन हजार सहाशे रुपये मी एका पाकिटात घातले. वर्ग सुटला. एका मुलाचे वडील दाराशी बोलायला आले म्हणून मी बाहेर गेले. पाच-सात मिनिटांनी परत आले तर पर्समध्ये पाकीट नाही.

खोलीत एकच मुलगा होता. मागच्या बाकावर बसणारा, कमी बोलणारा. वर्ग सुटल्यावर खुर्च्या रचून ठेवायचं काम तो कुणी न सांगता करायचा. पैसे न आणलेल्या चार मुलांपैकी तो एक होता. त्याचे वडील रिक्षा चालवतात, हे मला माहीत होतं.

बाकीची मुलं अंगणातून पुन्हा दाराशी जमली होती. मी विचारलं, “इथं पाकीट होतं. तू पाहिलंस?” तो नाही म्हणाला. मी म्हटलं, “जरा दप्तर दाखव बरं.”

आवाज मी चढवला नव्हता. किंबहुना फार गोड आवाजात बोलले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. दप्तराची चेन उघडली आणि सगळं दप्तर टेबलावर उलटं केलं. बायबल. अर्धा बिस्किटाचा पुडा. छत्री. धाकट्या बहिणीची चित्रकलेची वही. दोन पेनं. शेवटी त्यानं दप्तर झटकलंसुद्धा. मग एकेक वस्तू आत भरली, उरलेल्या दोन खुर्च्या रचल्या आणि निघून गेला.

गुरुवारी चर्चच्या कार्यालयातून फोन आला. हजेरीपट कपाटात ठेवताना त्याच्या खाकी वेष्टनात पाकीट सापडलं होतं. दोन हजार सहाशे. मीच घाईघाईनं तिथं खोचलं होतं आणि पर्समध्ये ठेवल्याची खात्री बाळगून बसले होते.

पत्रकारितेच्या पदविकेला आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, की दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कुणावर आरोप छापायचा नाही. हा नियम मी कामात पाळत आले आहे. मग त्या दिवशी काय झालं? मी स्वतःला खोदून खोदून विचारलं. खोलीत तो एकटा होता म्हणून? की पैसे आणलेले नव्हते म्हणून? गाडीतून येणारं एखादं मूल त्या खोलीत एकटं असतं, तर मी त्याला दप्तर उघडायला लावलं असतं का? आधी मी माझी पर्स पुन्हा तपासली असती. हजेरीपट मागवला असता. उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते फळ्यावरच्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी चोरी केली नव्हती, खोटं बोलले नव्हते. तरीही एका पोराला त्याच्या दोस्तांदेखत मी चोर ठरवलं होतं. तेही क्षमेचा धडा शिकवल्यानंतर आठच दिवसांनी!

कॉफी

शनिवारी पत्ता काढून मी त्याच्या घरी गेले. वाटेत रिक्षात मनाशी वाक्यं जुळवत होते. ‘गैरसमज झाला’, ‘माझा तसा हेतू नव्हता’... वाचकहो, खरं सांगते, माफीच्या भाषेत स्वतःला वाचवायच्या पळवाटा किती असतात, ते त्या अर्ध्या तासात कळलं.

दोन खोल्यांचं घर. त्याच्या आईनं दार उघडलं. मी नाव सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं, हे चेहऱ्यावरून कळलं. “बसा,” म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, नवऱ्याला बोलवायला गेली असेल. ती आली ती कॉफीचा पेला आणि ताटलीत दोन चकल्या घेऊन.

मी पेला हातात धरूनच बोलायला सुरुवात केली. पाकीट सापडलं, चूक माझी होती, मी त्याच्यावर संशय घ्यायला नको होता... जुळवून आणलेली वाक्यं आठवेनात. डोळे भरून आले. तशी ती माउली माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “अय्यो पाप! आधी कॉफी घ्या, निवते आहे.”

पावसात भिजलेल्या पिल्लाला म्हणतात, तेच पाप.

उधळ्या पुत्राची गोष्ट मी त्या मुलांना तीन आठवड्यांपूर्वीच शिकवली होती. पोरगा घरी परतताना क्षमा मागायचं भाषण पाठ करत येतो. बाप ते पुरतं ऐकूनही घेत नाही, आधीच नोकरांना चांगला झगा आणायला सांगतो. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. पण तो झगा अंगावर पडल्यावर कसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. ऐटबाज नाही वाटत. फार लाज वाटते. आणि फार हलकंही वाटतं.

मुलगा मात्र आतल्या दाराला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे वळून पुन्हा क्षमा मागितली. त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, “आंटी, दप्तर सगळ्यांसमोर उघडलं होतं.”

त्याची आई त्याला रागावली. मी तिला थांबवलं. त्याचं बरोबर होतं. अपमान चारचौघांत आणि माफी बंद खोलीत, हा कुठला न्याय? शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी येतो, तेव्हा तो नुसतं ‘चुकलो’ म्हणत नाही. ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करीन, असं उभा राहून सांगतो. क्षमा फुकट असेल, पण ज्याचं घेतलं त्याला परत करणं सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी तो वर्गाला आला. मी प्रार्थनेनंतर लगेच उभी राहिले. पाकीट कुठं सापडलं ते सांगितलं. मग म्हणाले, “मी याच्यावर संशय घेतला तो पुरावा होता म्हणून नव्हे. हा गरीब घरातला आहे, हे माझ्या मनात होतं. हे पाप आहे आणि ते माझं आहे. मी सगळ्यांसमोर याची क्षमा मागते.” आवाज कापत होता. चुणचुणीत मुलगा माझ्या हातांकडे बघत होता. खडूचे दोन तुकडे झाले होते. ‘आधी करू, मग सॉरी म्हणू’ हा प्रश्न त्यानं पुन्हा काही काढला नाही.

मागच्या बाकावरून एवढंच उत्तर आलं, “बरं.”

“तुला आत्ताच क्षमा केली म्हणायची गरज नाही,” मी म्हणाले. हे मात्र मी कुठल्याही पुस्तकातून आणलं नव्हतं. घरोघरी आपण मुलांना हेच करायला लावतो ना? ‘त्यानं सॉरी म्हटलं ना, चल, आता हात मिळव!’ जखम ज्याला झाली, त्याच्यावरच घाई. सेल्मी सिस्टरनं राखी बांधली ती बहिणीच्या खुनानंतर सात वर्षांनी, हे मीच वर्गात सांगितलं होतं. वर्षांचा आकडा सांगून पुढे गेले होते. आता त्या सात वर्षांकडे नीट बघितलं.

झावळ्यांचा रविवार गेला. उत्तम शुक्रवार गेला. तो येत होता, ऐकत होता, पण माझ्याशी आपण होऊन बोलत नव्हता. खुर्च्या मात्र रचत होता. मीही त्याच्याबरोबर रचायला लागले. पुनरुत्थानाच्या दिवशी त्याची आई पांढऱ्या साडीत भेटली, “घरी या,” म्हणाली. तो शेजारी उभा राहून बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

नंदी हिल्सची सहल त्यानंतरच्या शनिवारी निघाली. पहाटेची थंडी, धुकं, बसमध्ये गाणी. मी पैशांचं तेच पाकीट पुढे केलं आणि त्याला म्हटलं, “आजचा खजिनदार तू. नाश्त्याचे, तिकिटांचे पैसे तुझ्याकडे ठेव.” भरपाई करायचा माझा हा प्रयत्न होता. थोडा भाबडा, थोडा सगळ्यांना दिसावा असा.

त्यानं पाकिटाकडे पाहिलं. मग प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं.

“नको आंटी, तुमच्याकडेच राहू द्या,” तो म्हणाला. “हरवलं तर मी शोधून देईन.”

आणि हसला. सगळी बस हसली. मीही हसले, आणि खिडकीकडे तोंड वळवून डोळे पुसले. बाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.